मुलाच्या बाजूने कोण बोलणार?



न्यायालयात वाद चालतो तेव्हा प्रत्येक बाजूला बोलणारे कोणीतरी असतेच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मूल हाच ज्या वादाचा विषय असतो त्या वादात मात्र ही समजूत खरी ठरत नाही. सरकारच्या वतीने सरकारी वकील उभा राहतो. आईबापांना परवडला किंवा मिळाला, तर त्यांचा वकील उभा राहतो. आणि ज्याचे घर, शाळा, भावंडे व उरलेले बालपण त्या दिवशी ठरायचे असते, ते मूल पुष्कळदा न्यायालयाच्या दालनातही नसते. या रिकाम्या जागेवर कोणाला बसवावे, या प्रश्नाला अमेरिकेने गेल्या अर्धशतकात एक उत्तर दिले आहे. ते उत्तर म्हणजे प्रशिक्षण घेतलेला, बिनपगारी, सामान्य नागरिक. या उत्तरात मोलाचे काय आहे आणि ते कोठे अपुरे पडते, याचा विचार आज करावयाचा आहे.

कथा सुरू होते ती सिएटल शहरात. १९७६ साली तेथील किंग काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयात डेव्हिड सूकप नावाचे न्यायाधीश बालकांची प्रकरणे चालवीत होते. छळ झालेले किंवा हेळसांड झालेले मूल आईबापांकडे ठेवावे की काढून घ्यावे, हा निर्णय त्यांना दररोज द्यावा लागे. आणि पुढ्यात असे तो चार-दोन पानांचा सरकारी अहवाल. त्या कागदावरून आयुष्यभराचा निकाल देणे त्यांना जड जाऊ लागले. मुलाला स्वतः भेटून, त्याच्या भोवतालची माणसे पाहून, न्यायालयाला माहिती देणारे कोणीतरी हवे, असे त्यांना वाटले. ही कल्पना बोलून पाहण्यासाठी त्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काही मोजक्या लोकांना बोलावले, तेव्हा पन्नास माणसे आली. १९७७ साली काम सुरू झाले. पहिल्या वर्षी ११० स्वयंसेवकांनी ४९८ मुलांची प्रकरणे सांभाळली, अशी नोंद आहे. या स्वयंसेवकाला तिकडे ‘कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट’ म्हणतात, आणि त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘कासा’. मराठीत त्याला न्यायालयनियुक्त कैवारी म्हणता येईल. हा कैवारी वकील नसतो. मुलाचा कैवार घेणारा नागरिक असतो.

त्याआधी तीन वर्षे, जानेवारी १९७४ मध्ये, अमेरिकेच्या संघराज्य सरकारने बालकांच्या छळाला आळा घालणारा कायदा केला होता. केंद्राचे अनुदान हवे असेल तर न्यायालयात गेलेल्या अशा प्रत्येक मुलाला राज्याने ‘दाव्यापुरता पालक’ नेमून दिला पाहिजे, अशी अट त्यात होती. अट घालणे सोपे होते. माणसे आणायची कोठून, हा प्रश्न होता. अनेक ठिकाणी वकील नेमले गेले, परंतु त्यांच्या टेबलावर इतकी प्रकरणे साचत की मुलाची आणि त्यांची भेट झालीच तर सुनावणीच्या दिवशी दाराबाहेर. सूकप यांच्या कल्पनेने ही अडचण थोड्या खर्चात सुटत होती, म्हणून ती झपाट्याने पसरली. १९८२ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९९० मध्ये संघराज्याच्या कायद्याने तिला मान्यता व निधी दिला, आणि २०१९ पर्यंत हे जाळे ४९ राज्यांत पसरून नव्वद हजारांहून अधिक स्वयंसेवक त्यात काम करीत होते.

हे काम कसे चालते, ते नीट पाहिले पाहिजे. येणाऱ्या माणसाची पोलीस-नोंद तपासली जाते. त्याला सुमारे तीस तासांचे प्रशिक्षण मिळते. मग न्यायाधीशांसमोर शपथ होते आणि न्यायालयाच्या लेखी आदेशाने एका मुलाचे, फार तर दोन-तीन भावंडांचे, प्रकरण त्याच्याकडे येते. त्या आदेशाच्या जोरावर तो शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलू शकतो, डॉक्टरांची कागदपत्रे पाहू शकतो, आजीच्या घरी जाऊ शकतो. मुलाला तो नियमाने भेटतो, सहसा महिन्यातून एकदा तरी. प्रत्येक सुनावणीपूर्वी तो न्यायाधीशांना लेखी अहवाल देतो: मूल कसे आहे, त्याला काय हवे आहे, आणि त्याच्या हिताचे काय. त्याने मुलाला आपल्या घरी ठेवावयाचे नसते. ऐकलेली गोष्ट बाहेर बोलावयाची नसते. प्रकरण संपेपर्यंत त्याने सोडून जाऊ नये, ही मुख्य अपेक्षा असते.

या शेवटच्या अपेक्षेचे मोल बाहेरून कळत नाही. घरातून काढलेले मूल प्रतिपालक कुटुंबात ठेवले जाते. म्हणजे सरकार दरमहा पैसे देते आणि अनोळखी माणसे त्याला सांभाळतात. तेथे जमले नाही तर दुसरे कुटुंब, मग तिसरे. प्रत्येक बदलाबरोबर बहुधा शाळा बदलते. सरकारी खात्यातील केस वर्करही बदलतात, कारण कामाचा बोजा अतोनात आणि पगार बेताचा. अशा मुलाच्या आयुष्यात दीड-दोन वर्षे तोच चेहरा दिसत राहणे, ही लहान गोष्ट नव्हे. भावंडांची ताटातूट झाली आहे आणि त्यांना भेटू दिले जात नाही, चष्मा फुटल्यामुळे मुलगा वर्गात मागे पडतो आहे, गावात एक मावशी आहे आणि तिला कोणी विचारलेलेच नाही, असल्या गोष्टी फायलीत नसतात. त्या पायपीट करणाऱ्यालाच सापडतात.

रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० साली रक्तदानावर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. अनोळखी माणसाला विनामूल्य दिलेले रक्त हे विकत घेतलेल्या रक्तापेक्षा अधिक सुरक्षित असते आणि समाजही अधिक निकोप ठेवते, असे त्याने दाखविले. समाजवादी अर्थविचारात या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. कैवारी स्वयंसेवकाचे श्रमदान याच जातीचे आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि एक फरक आहे आणि तो मूलभूत आहे. रक्त देणाऱ्याला घेणाऱ्यावर कोणतीही सत्ता मिळत नाही. कैवाऱ्याच्या देणगीबरोबर मात्र सत्ता येते. त्याच्या अहवालातील एका वाक्याने मूल आईकडे परत जाते किंवा जात नाही. देणगी मुलाला मिळते. सत्ता आईवर चालते.

आता ही आई कोण असते, हे पाहिले पाहिजे. ‘छळ’ हा शब्द ऐकला की मारझोड किंवा त्याहून भयंकर प्रकार डोळ्यांपुढे येतात. ते घडतात, आणि तेथे मुलाला तत्काळ सोडविणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. परंतु अमेरिकेत २०२२ साली घराबाहेर ठेवलेली जी साडेतीन लाखांहून अधिक मुले होती, त्यांच्यापैकी साठ टक्क्यांहून अधिक मुलांच्या नोंदीत कारण म्हणून ‘हेळसांड’ लिहिलेली होती. शारीरिक मारहाणीची नोंद याच्या कितीतरी खाली राहते. हेळसांडीत व्यसने येतात, मानसिक आजार येतात. पण तिच्या व्याख्येत अपुरे अन्न, अपुरे कपडे, अपुरा निवारा आणि अपुरी देखरेख यांचाही समावेश होतो. म्हणजे अर्थशास्त्र ज्याला दारिद्र्य म्हणते, त्याचीच ही यादी आहे.

उदाहरणादाखल अशी एक आई कल्पिता येईल. ती रात्रपाळीला इमारतींची साफसफाई करते. घरी सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. शेजारीण सांभाळते, पण एके रात्री शेजारीण आजारी पडते. पाळी चुकविली तर काम जाते; म्हणून आई सातांच्या ताब्यात चारांना देऊन जाते. मुलगा जिन्यात रडताना कोणाला तरी दिसतो आणि दूरध्वनी होतो. चौकशीला आलेल्यांना रिकामा फ्रिज आणि एकच गादी दिसते. या चित्रात क्रौर्य कोठेही नाही. पाळणाघर नाही, रजा नाही, आणि भाडे देऊन उरलेले पैसे नाहीत, एवढेच आहे.

पाळणाघर का नाही, यालाही इतिहास आहे. १९७१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने सर्व थरांतील मुलांसाठी सार्वजनिक बालसंगोपन केंद्रे उभारण्याचे विधेयक मंजूर केले होते. सिनेटर वॉल्टर मोंडेल हे त्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते. त्याच वर्षी डिसेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून ते रद्द केले. पुढे १९७४ चा छळविरोधी कायदा मंजूर झाला, त्याचेही पुरस्कर्ते मोंडेलच, आणि त्यावर सही करणारे निक्सनच. हा कायदा पार पडावा म्हणून मोंडेल यांनी आग्रहाने सांगितले की बालकांचा छळ हा गरिबांचा प्रश्न नाही, तो सर्व वर्गांत घडतो. राजकीय डावपेच म्हणून ते समजण्यासारखे आहे. त्याचा परिणाम मात्र गंभीर झाला. मुलांना सांभाळण्यासाठी आईला मदत करणारे राज्य नाकारले गेले, आणि आई मुलांना नीट सांभाळते की नाही याची चौकशी करणारे राज्य उभे राहिले. कैवारी स्वयंसेवक याच दुसऱ्या राज्याच्या अंगणात काम करतो.

पैशाचा प्रवाहही त्याच दिशेने वाहत आला. मूल प्रतिपालक कुटुंबात गेले की, ठरलेल्या अटी पूर्ण होत असतील तर, त्याच्या खर्चातील वाटा संघराज्य सरकार मर्यादा न घालता राज्याला भरून देते. मूल घरीच राहावे म्हणून कुटुंबाला मदत करावयाची तर निधी मात्र तुटपुंजा आणि मोजूनमापून. २०१८ च्या कायद्याने यात थोडी सुधारणा केली. व्यसनमुक्ती, मानसोपचार, पालकांचे शिक्षण यांसाठी तोच निधी वापरता येऊ लागला. घरभाड्याचा त्या यादीत समावेश नाही. म्हणजे परक्या घरात मूल ठेवण्यासाठी दरमहा जी रक्कम दिली जाते, ती त्याच्या आईच्या घरभाड्यासाठी दिली असती तर मूल हललेच नसते, अशी प्रकरणे या व्यवस्थेत घडतात. त्यावर १९९७ च्या कायद्याचे घड्याळ टिकटिकत असते: शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल बाहेर राहिले, तर काही अपवाद सोडून, आईबापांचा हक्क कायमचा तोडण्यासाठी राज्याने अर्ज केलाच पाहिजे. अनेक शहरांत स्वस्त घराच्या प्रतीक्षायादीत याहून अधिक काळ जातो.

अशा प्रकरणात पाठविला जाणारा स्वयंसेवक कोणत्या थरातून येतो? ज्याच्याजवळ दुपारचा वेळ, गाडी आणि मनाची उसंत आहे, त्या थरातून. संघटनेच्या प्रयत्नांनंतरही बहुसंख्य स्वयंसेवक गोऱ्या, शिकलेल्या, सुस्थित स्त्रिया राहिल्या आहेत. त्यांच्या सद्भावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु प्रतिपालक कुटुंबातील स्वतंत्र खोली, पुस्तकांचे कपाट आणि नियमित जेवणाची वेळ पाहून त्यांना ‘मुलाचे हित’ तेथेच दिसू लागले, तर तो सद्भावाचा दोष नसून दृष्टीचा आहे. आणि दृष्टी वर्गाने घडविलेली असते. ‘मुलाचे सर्वोत्तम हित’ या शब्दांना मोजमाप नाही. जेथे मोजमाप नसते तेथे मोजणाऱ्याच्या घराचे माप लागू होते.

वर्णाचे वास्तवही यात मिसळलेले आहे. अमेरिकेच्या बालसंख्येत कृष्णवर्णीय मुले सुमारे १४ टक्के. प्रतिपालनात त्यांचे प्रमाण २२-२३ टक्क्यांच्या घरात. मूळ निवासी जमातींची कथा अधिकच दारुण. त्यांच्या २५ ते ३५ टक्के मुलांना घरातून काढले गेल्याचे पाहण्यांतून पुढे आले, तेव्हा १९७८ मध्ये काँग्रेसला त्यासाठी खास कायदा करावा लागला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा पुन्हा उचलून धरला. हे ‘काढणारे’ स्वतःला दुष्ट समजत नव्हते. मुलांचे भले होत आहे, अशी त्यांची खात्री होती.

येथे कोणी म्हणेल की ही सारी तत्त्वचर्चा झाली. अनुभव काय सांगतो? टेक्सस राज्यातील मुलांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कैवारी मिळालेली मुले आणि तशाच परिस्थितीतील कैवारी न मिळालेली मुले यांची तुलना त्यात होती. कैवारी मिळालेली मुले आईबापांकडे परत जाण्याची शक्यता कमी निघाली; नातेवाइकांच्या कायम पालकत्वाखाली जाण्याचीही कमी. यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. न्यायाधीश अवघड प्रकरणांतच कैवारी नेमतात, आणि संख्याशास्त्राच्या जुळणीने हा फरक पूर्णपणे पुसला जातोच असे नाही. आक्षेप मान्य केला तरी, कैवारी नेमला की मुलाचे भले झालेच असे धरून चालता येत नाही, एवढा निष्कर्ष उरतोच.

याच्या शेजारी न्यूयॉर्क शहरातील २०१९ चा एक अभ्यास ठेवावा. तेथे गरीब आईबापांना वकील, समाजसेविका आणि अशाच प्रसंगातून गेलेले अनुभवी पालक असा संच सरकारी खर्चाने मिळतो. एकटा वकील मिळालेल्या कुटुंबांशी तुलना केली असता, संच मिळालेल्या कुटुंबांतील मुले चार वर्षांत सरासरी ११८ दिवस आधी घरी परतली, आणि त्यांच्या सुरक्षिततेत कोणतीही घट आढळली नाही. अनेकदा मुलाचा पहिला कैवारी त्याच्या आईचा वकील असतो, हे यातून दिसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गॉल्ट निवाड्यात गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकाला वकिलाचा हक्क दिला. परंतु १९८१ च्या लॅसिटर निवाड्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, मूल कायमचे गमावू पाहणाऱ्या प्रत्येक गरीब आईला वकील मिळालाच पाहिजे असे राज्यघटना सांगत नाही, असे ठरविले. पुढे बहुतेक राज्यांनी आपापल्या कायद्यांनी ही उणीव भरून काढली. पण हक्क कायद्याने देणे आणि तो बजावण्यास पुरेसा पैसा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग स्वयंसेवकाला घरी बसवावे काय? नाही. पोकळी खरी आहे आणि मुलाकडे जाणारा माणूस हवाच आहे. प्रश्न आहे तो त्याने अहवालात काय लिहावे, याचा. प्रतिपालक घरातील खोलीचे वर्णन करण्यापूर्वी त्याने आईच्या घराचे भाडे आणि तिची मजुरी हे दोन आकडे लिहावेत. सरकारने कोणती मदत देऊ केली, तिला किती आठवडे लागले, आणि आईला दिलेल्या भेटीच्या वेळा तिच्या पाळीशी जुळत होत्या काय, हे लिहावे. मावशी, आजी, शेजारीण यांना कोणी विचारले काय, हे लिहावे. आणि मुलाची इच्छा त्याच्याच शब्दांत, आपल्या शिफारशीपासून वेगळी, लिहावी. असा अहवाल देणारा स्वयंसेवक आईवर नेमलेला आणखी एक पहारेकरी राहत नाही. गरिबीची साक्ष तो न्यायालयात नेतो. असे काम करणारे अनेकजण आज त्या जाळ्यात आहेत, आणि कुटुंब टिकविण्यावर भर द्यावा हा विचार संघटनेच्या प्रशिक्षणातही आला आहे.

दुसरे असे की स्वयंसेवा ही हक्काची जागा घेऊ शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने राष्ट्रीय कासा संघटनेची अनुदाने एकाएकी रद्द केली, आणि ठिकठिकाणच्या शाखांपुढे पुढच्या महिन्याची चिंता उभी राहिली. जी व्यवस्था एका पत्राने डळमळते तिच्यावर मुलाचा आवाज सोपविणे धोक्याचे आहे. मुलाला वकील, आईला वकील, आणि कुटुंबाला निवारा, हे हक्क आधी. स्वयंसेवकाची माया त्यावर.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप वेगळे आहे, पण तो दूरचा नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार जिल्ह्याची बालकल्याण समिती, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, मूल कोठे राहील ते ठरविते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे तो कायदा सांगतो. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात बालकाला सोबत करणाऱ्या सहायक व्यक्तीची तरतूद २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या नियमांत आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती गांभीर्याने अमलात आणण्यास बजावले आहे. या व्यक्तीला कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतका तरी मोबदला द्यावा, असे २०२० चे नियम म्हणतात. अमेरिकेने जे काम फुकट करवून घेतले त्याला येथील नियमांनी निदान कागदावर वेतन दिले आहे; ते मिळते की नाही, याचा पाठपुरावा चळवळीने करावयास हवा.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेखाली, मूल संस्थेत न जाता घरी किंवा नातलगांकडे वाढावे म्हणून, २०२३ पासून दरमहा २२५० रुपयांची तरतूद आहे. रक्कम अपुरी आहे, तत्त्व बरोबर आहे. आणि आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून आजीजवळ किंवा एकटीच राहिलेली मुले ज्या राज्यात दर हंगामात दिसतात, त्या राज्यात ‘हेळसांड’ हा शब्द उच्चारताना समितीच्या सदस्यांनी आणि सद्भावी स्वयंसेवकांनी फडावरचा मजुरीचा दर आधी विचारावा. कोयता हातात घेऊन गेलेल्या आईला मुलाची काळजी नाही, असे ज्याला वाटते त्याने मुलाच्या बाजूने बोलण्याची घाई करू नये.